औंस, ग्रॅम आणि आपला काटा

सोयाबीन घेऊन मोंढ्यात गेलेल्या माणसाला ओलावा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. आडतीवर मूठभर दाणे यंत्रात पडतात, आकडा उमटतो, आणि तो बाराच्या वर गेला की भाव खाली येतो. कापूस विकणाऱ्यांनाही हे चांगलं ठाऊक आहे. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर आठ टक्के ओलाव्याचा कापूस पुऱ्या भावानं जातो, त्यापुढे बारापर्यंत कपात होते आणि बाराच्या वरचा माल परत घरी आणावा लागतो. माल तोच, पण त्यात पाणी किती यावर पैसे ठरतात. धाराशिव जिल्ह्यातल्या घराघरांत ही समज आहे. डेनिमच्या कापडाचं वजन कसं काढायचं हे सांगणारी ही पुस्तिका लिहायला बसले तेव्हा मला सगळ्यात मोठा आधार याच समजेचा वाटला. जी बाई सोयाबीनच्या पावतीवरचा ओलाव्याचा आकडा तपासून घेते, तिला कापडाच्या ताग्यावरचं लेबल तसंच तपासता आलं पाहिजे.

मी शिवणकामात आले ती मशीनवर. पुढे कापड तपासणीच्या टेबलावर गेले आणि तिथेच बरीच वर्षं काढली. आता परत आपल्या भागात येऊन शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांत गावात ब्लाउज शिवणाऱ्या बाया आहेत, आयटीआयची मुलं-मुली आहेत, पुण्या-मुंबईकडच्या कारखान्यांत काम करून घरी परतलेले कारागीर आहेत. त्यांचे हात तयार असतात. शिवण सरळ येते, बाही बसते, काज नीट होतं. अडतं ते कापड विकत घेताना. व्यापारी सांगतो, ‘बारा औंसाचा माल आहे,’ आणि समोरचा माणूस मान डोलावतो. बारा औंस म्हणजे कशाचे बारा औंस, हे विचारायचं असतं हेच कोणी त्याला सांगितलेलं नसतं.

तर तेच आधी सांगते. डेनिमचा औंस हा एका चौरस यार्डातल्या कापडाच्या वजनाचा असतो. एक यार्ड लांब आणि एक यार्ड रुंद तुकडा काट्यावर ठेवला आणि तो बारा औंस भरला, तर ते बारा औंसाचं कापड. आपल्याकडे कारखान्यात जीएसएम बोलतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. एक औंस सुमारे 28.35 ग्रॅमचा आणि चौरस यार्ड चौरस मीटरहून लहान, 0.836 इतका. म्हणून औंसाचा आकडा 33.9 नं गुणला की जीएसएम येतो. बारा औंस म्हणजे साधारण 407 जीएसएम. हा 33.9 एवढा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. शर्टाचं डेनिम चार ते सहा औंसांचं असतं, बाराच्या आतलं हलकं धरतात, बारा ते सोळा मध्यम आणि त्यापुढचं जड. आपल्या उन्हाळ्यात अंगावर चौदा औंस घालून कोणी फिरणार नाही. इथल्या बाजारात दहा-साडेदहाचं ताणलं जाणारं कापड का खपतं, ते यावरूनच कळतं.

जाड्याभरड्या कापडाशी या मातीचं नातं फार जुनं आहे. तेर गावात राहणाऱ्यांनाही पुष्कळदा ते माहीत नसतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची आणि मालाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. तिच्यात दख्खनची दोन मोठी व्यापारी गावं येतात, पैठण आणि तगर. तगर पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथून गाड्या भरभरून माल बिनवाटेच्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचा, आणि त्या मालात जाडंभरडं कापड पुष्कळ, शिवाय तऱ्हेतऱ्हेची मलमल. ते तगर म्हणजे आपलं तेरणाकाठचं तेर. फ्लीट नावाच्या अभ्यासकानं 1901 मध्ये ही ओळख पटवली आणि ती पुढे मान्य झाली. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू मांडलेल्या आहेत. मी माझ्या शिकाऊ मुलींना एकदा तरी तिथे नेते. ज्या गावाचं भरड कापड दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होतं, त्या गावच्या मुलीनं ताग्यासमोर बावरून उभं राहू नये असं मला फार वाटतं.

डेनिम हे नाव फ्रान्समधल्या नीम या गावावरून आलं असं सांगतात, आणि जीन्स हे नाव इटलीतल्या जिनोआवरून. तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या पँटीचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना अमेरिकेत 20 मे 1873 रोजी मिळालं. हा इतिहास सगळीकडे छापलेला आहे, त्यात मी रेंगाळत नाही. पण इंग्रजीत कामगारांच्या जाड पँटीला डंगरी म्हणतात तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला, हे मात्र मराठी वाचकाला सांगितलंच पाहिजे. डोंगरीच्या बाजारात मिळणारं भरड सुती कापड खलाशी घेऊन जायचे, आणि कापडाबरोबर गावाचं नावही गेलं. पुढे 1980 च्या दशकात अहमदाबादच्या अरविंद मिलनं डेनिम मोठ्या प्रमाणावर विणायला घेतलं. 1990 च्या दशकात ‘रफ अँड टफ’चा न शिवलेला जोड निघाला: कापड, चेन, बटण, रिव्हेट सगळं एका पाकिटात, शिवायचं गावच्या शिंप्यानं. खेड्यापाड्यांतल्या अनेक शिंप्यांनी आयुष्यातलं पहिलं डेनिम तेव्हा हाताळलं. आज यवतमाळजवळ लोहारा एमआयडीसीत रेमंडच्या घरातला डेनिमचा कारखाना आहे (आपला लोहारा तालुका वेगळा), उल्हासनगरात जीन्स शिवणारी घरंच्या घरं आहेत, आणि शेजारी सोलापुरात गणवेशाचा मोठा धंदा आहे. आपल्या कौडगावच्या एमआयडीसीत वस्त्रोद्योग यावा असं गेली काही वर्षं बोललं जातंय. तो येईल तेव्हा येईल. माणसं आधी तयार असली पाहिजेत.

वजनाचा हिशेब मी पुस्तकातून शिकले नाही. एका चुकीतून शिकले. मी ज्या कारखान्यात होते तिथे कामगारांच्या पँटींची मोठी मागणी आली होती. ग्राहकाला साडेअकरा औंसांच्या वरचं कापड हवं होतं. ताग्यांवरच्या लेबलवर लिहिलं होतं, 580 ग्रॅम. ते एका रनिंग मीटरचं वजन होतं, म्हणजे एक मीटर लांब आणि पूर्ण पन्ह्याएवढा रुंद असा तुकडा. मी पन्हा नेहमीप्रमाणे 58 इंच धरला, म्हणजे 1.473 मीटर, आणि भागाकार केला. 394 जीएसएम, 11.6 औंस. सही केली. कापड कापलं गेलं, पँटी शिवून झाल्या, आणि ग्राहकाच्या तपासणीत माल नाकारला गेला. पन्हा 62 इंचांचा होता. तेच 580 ग्रॅम जास्त रुंद कापडावर पसरलेले होते. 368 जीएसएम, जेमतेम 10.9 औंस. मोजपट्टी माझ्या गळ्यात होती आणि मी ताग्याची रुंदी मोजली नाही. त्या महिन्यात पीसवर काम करणाऱ्या बायांचे पैसे अडकले. त्यांतल्या दोघींच्या मुलांची फी भरायची होती हे मला नंतर कळलं. त्यांच्यासमोर उभं राहायला मला बरेच दिवस लागले. तेव्हापासून पन्हा मोजल्याशिवाय मी ग्रॅमच्या आकड्याकडे बघत नाही, आणि या पुस्तिकेतल्या प्रत्येक उदाहरणात पन्हा आधी लिहिलेला आहे, तो यामुळेच.

आता मोजायचं कसं. कारखान्यात जीएसएम कटर असतो, हातात मावेल असा गोल डबा, खाली चार लहान पाती. खाली जाड पॅड, त्यावर कापड, वर कटर. दाबायचं आणि फिरवायचं, की 11.28 सेंटिमीटर व्यासाची चकती सुटते. तिचं क्षेत्रफळ बरोबर 100 चौरस सेंटिमीटर, म्हणून ग्रॅममधलं वजन शंभरानं गुणलं की झालं. चकती 3.91 ग्रॅम भरली तर 391 जीएसएम. एकच चकती कापून निकाल द्यायचा नाही. काठापासून चार बोटं आत येऊन, पन्ह्यावर तिरप्या ओळीत पाच ठिकाणी कापायच्या, प्रत्येकीचं वजन वेगळं लिहायचं आणि मग सरासरी काढायची. ओळ तिरपी असली की प्रत्येक चकतीत वेगळे उभे आणि वेगळे आडवे धागे येतात. पाचांतली एखादी फार हलकी निघाली तर सरासरीत ती लपवू नये. विणताना आडवा धागा तिथे विरळ पडला असेल, आणि धुलाईनंतर मांडीवर तिथेच पट्टा दिसेल.

ज्यांच्याकडे कटर नाही त्यांनी थांबून राहायचं कारण नाही. स्टीलची पट्टी, धारदार कात्री आणि सोनाराचा काटा एवढ्यावर भागतं. सराफाच्या दुकानातला काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवतो आणि ओळखीचा सोनार चौकोन तोलून द्यायला नाही म्हणत नाही, हा माझा अनुभव आहे. फक्त चौकोन दहा सेंटिमीटरचा कापू नका, वीसचा कापा. दहाच्या चौकोनात दोन्ही बाजूंना एक-एक मिलिमीटर जास्त गेला तर क्षेत्रफळ दोन टक्क्यांनी वाढतं. वीसच्या चौकोनात तीच चूक एका टक्क्यावर येते. वीसच्या चौकोनाचं वजन 25 नं गुणायचं.

कापड हातात नसतानाही वजन काढता येतं. व्यापारी नुसता सुताचा काउंट आणि इंचातले धागे सांगतो तेव्हा हे उपयोगी पडतं, आणि मला या विषयातला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. काउंट म्हणजे काय? 840 यार्डांची एक लड धरायची. एका पौंडात अशा सात लडी बसल्या तर ते सात काउंटचं सूत, वीस बसल्या तर वीसचं. आकडा वाढला की सूत बारीक. आता समजा, उभा धागा सात काउंटचा आणि इंचाला 68 आहेत. यार्डात 36 इंच, म्हणून एका चौरस यार्डात उभं सूत झालं 68 गुणिले 36, म्हणजे 2448 यार्ड. सात काउंटचं सूत पौंडाला 5880 यार्ड भरतं आणि पौंडात सोळा औंस. हिशेब केला की 6.66 औंस येतात. धागा कापडात सरळ पडून राहत नाही, आडव्याच्या वर-खाली जातो, म्हणून त्याची खरी लांबी जास्त लागते. उभ्याला ती शंभरी दहा धरू. झाले 7.33. आडवा धागा आठ काउंटचा, इंचाला 44, वळणापोटी शंभरी तीन. त्याच रीतीनं 3.88 येतात. बेरीज 11.21 औंस, म्हणजे 380 जीएसएम. कोणतंही सूत्र पाठ न करता, नुसत्या गुणाकार-भागाकारानं, न पाहिलेल्या कापडाचं वजन कागदावर उतरलं. माझ्या वर्गात सातवी शिकलेल्या एका बाईनं हा हिशेब पहिल्यांदा पुरा केला तेव्हा ती वही घेऊन शेजारणीला दाखवायला गेली.

पण कागदावर 380 आणि काट्यावर 391, असं होतं. हे अकरा ग्रॅम आले कुठून? उभ्या धाग्याला विणण्याआधी खळ लावतात, नाहीतर मागावर तो तुटतो. डेनिममध्ये उभा धागाच निळीत रंगवलेला असतो, आडवा पांढरा राहतो. खळ आणि रंग यांचं वजन कापडात असतं, आणि गिऱ्हाईक सुताच्या भावानं खळीचेही पैसे देत असतं. अशा न धुतलेल्या कापडाला धंद्यात कच्चं डेनिम म्हणतात. कच्चं हा शब्द ऐकला की तेरच्या माणसाला गोरोबाकाका आठवतातच. संतमंडळींच्या डोक्यांवर थापटी मारून कोणतं मडकं भाजलंय आणि कोणतं कच्चं हे त्यांनी सांगितलं, ती कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. कच्चं डेनिमही तसंच पारखावं लागतं, कारण पहिल्या धुण्यात त्याच्यात दोन उलट गोष्टी घडतात. खळ निघून जाते, म्हणून वजन उतरतं. कापड आटतं, म्हणून तेवढंच सूत कमी जागेत गोळा होतं आणि चौरस मीटरचं वजन वाढतं. वरचंच कापड लांबीत तीन टक्के आणि पन्ह्यात दोन टक्के आटलं तर 380 चे 400 होतात. म्हणजे खळ गेली तरी धुतलेलं कापड कच्च्यापेक्षा जड भरलं. व्यापाऱ्याशी बोलताना म्हणूनच एक प्रश्न विसरू नये: हे वजन धुण्याआधीचं का नंतरचं?

मग उरतो ओलावा. कापसाच्या व्यापारात कोरड्या शंभर ग्रॅम सुतामागे साडेआठ ग्रॅम पाणी रीतसर मानलं जातं. प्रयोगशाळेत कापड 27 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रतेच्या खोलीत मुरवून मग तोलतात. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तशी खोली कुठून आणायची? वैशाखात परंड्याकडच्या कोरड्या वाऱ्यात तेच सूत शंभराला चार ग्रॅमच पाणी धरून असेल तर 390 चं कापड 374 भरेल. श्रावणातल्या झडीत अकरा ग्रॅम धरलं तर 399. कापड तेच, तागा तोच, आणि काट्यावर पंचवीस ग्रॅमचा फरक. उन्हाळ्यात व्यापाऱ्याशी भांडण्याआधी आणि पावसाळ्यात खूश होण्याआधी हे आठवावं. सोपा उपाय आहे: ज्या कापडाचं वजन प्रयोगशाळेतून एकदा पक्कं कळलंय त्याचा तुकडा जपून ठेवायचा आणि नवा माल तोलताना, दोन्ही तुकडे रात्रभर एकाच खोलीत ठेवून, तोही सोबत तोलायचा. ओळखीचा तुकडा जेवढा हलका भरेल तेवढा नवाही हलका झालेला आहे. मोंढ्यातल्या माणसाला हे एकदा सांगितलं की पुरतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं वाचणाऱ्याला वाटू शकतं. एका पँटीला सव्वा मीटर कापड धरू, पन्हा 58 इंच. 390 जीएसएमला ते 718 ग्रॅम होतं, म्हणजे हजार पँटींना 718 किलो. उरलेले लॉट पुष्कळदा किलोवर विकले जातात. 390 समजून घेतलेलं कापड 410 चं निघालं तर त्याच 718 किलोत 951 पँटी बसतात. जवळजवळ पन्नास पँटींचं कापड कमी, आणि काटा तर बरोबर होता! शिवतानाही वजन बोलतंच. मांडीच्या आणि पायाच्या दुमडलेल्या शिवणी जिथे एकमेकांवर येतात तिथे सहा ते आठ पदर जमतात. दहा औंसांत सोळा नंबरच्या सुईनं निभावतं, बाराच्या पुढे अठरा नंबर लावली नाही तर सुई मोडते आणि तुकडा डोळ्याकडे उडतो.

धुलाईबद्दल मला इथेच स्पष्ट लिहायचं आहे. धुलाईचं यंत्र किलोवर भरतात आणि पाणी किलोच्या पटीत घेतात. किलोला आठ लिटर धरलं तर शंभर किलोच्या एका घाण्याला एका वेळेस 800 लिटर, आणि खळ काढणं, रंग उतरवणं, खळबळून धुणं अशा अनेक वेळा ते पाणी बदलतात. शेजारच्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पाणी पुन्हा वापरण्याची सोय नसलेली धुलाई या जिल्ह्यात कोणी काढू नये असं माझं ठाम मत आहे. इथे शिवणाऱ्यांनी हलकं, कमी धुवावं लागणारं कापड निवडावं. कापडाचं वजन कमी झालं की पाणीही त्याच हिशेबानं कमी लागतं, म्हणून पाण्याचं प्रकरण मी वजनाच्या पुस्तिकेतच घातलं आहे.

पुस्तिकेत प्रकरणं लहान ठेवली आहेत. प्रत्येकाच्या शेवटी रिकाम्या रकान्यांचं पान आहे: पन्हा, पाच चकत्यांचं वजन, धुण्याआधी, धुण्यानंतर, तारीख आणि त्या दिवशीची हवा. ती पानं भरण्यासाठी आहेत, कोरी ठेवू नयेत. ज्या कटिंग मास्तरांनी मला पहिल्यांदा कापड हातात धरायला शिकवलं आणि ज्या सराफांनी माझ्या विद्यार्थिनींचे निळे चौकोन पैसे न घेता तोलून दिले, त्यांची मी ऋणी आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी घरातली एखादी फाटकी जीन्स शोधून ठेवा. तिच्या मांडीच्या मागच्या भागातून, जिथे कापड कमी झिजलेलं असतं तिथून, आपल्याला वीस सेंटिमीटरचा चौकोन कापायचा आहे.